त्रिएस्तेत कॉफी मागताना

प्रश्न : मुलगा बोटीवर आहे, पुढच्या महिन्यात इटलीतल्या त्रिएस्ते बंदरात उतरेल. तिथल्या लेखकांच्या कॉफीगृहांपैकी कुठे जावं?

उत्तर : ताई, सरळ सान मार्कोत पाठवा. १९१४ सालचं, आत आता पुस्तकांचं दुकानही आहे. तोमासेओ १८३० चं, पण मला ते जरा जास्तच नटलेलं वाटलं. आयरिश लेखक जेम्स जॉइस याच गावात इंग्रजीच्या शिकवण्या करायचा. त्याचा एक विद्यार्थी जहाजांच्या रंगांच्या धंद्यातला, म्हणजेच कादंबरीकार इतालो स्वेवो!

मुलाला एक बजावा. तिथे एस्प्रेसोला ‘नेरो’ म्हणतात, थोडं दूध घातलेल्या छोट्या कॉफीला ‘कापो’, आणि तीच काचेच्या ग्लासात हवी तर ‘कापो इन बी’. बी म्हणजे बिक्येरे, ग्लास. मी बशी समजून बसलो होतो.