‘निकू नाशी’ म्हणून भागत नाही

तुम्ही विचारलंय ते असं: एप्रिलपासून दोघं टोकियोला येताय, तुम्ही चिकन खाता पण डुक्कर-गाय नाही, बायको पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. ऑफिसातून दमून आल्यावर कोपऱ्यावरच्या छोट्या रामेनच्या (सूपातल्या नूडल्सच्या) दुकानात दोघांना जेवता येईल का? ‘मांस काढून द्या’ म्हटलं तर देतात का?

देतात. तिथेच तर गोची आहे.

२०१६ मध्ये मी साताऱ्याहून इथे आले तेव्हा जपानीची चार वाक्यं पाठ होती. त्यातलं एक ‘निकू नाशी’, म्हणजे मांस नको. पहिल्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका दुकानात ते ऐटीत म्हणून टाकलं. आतल्या माणसाने मान डोलावली, वाडग्यातले चाशूचे (डुकराच्या मांसाचे) दोन काप काढले, त्या जागी मूठभर जास्त कांद्याची पात घातली आणि वाडगं समोर ठेवलं. पांढरट, दाट, दुधासारखं सूप. निम्मं संपवल्यावर शेजारी बसलेल्या सहकारी बाईने हळूच सांगितलं, ‘हे तोनकोत्सू आहे.’ म्हणजे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. मी मांस नको म्हटलं, त्याने मांस काढलं.

रामेनमध्ये मांस वर नसतं, खाली असतं. तोनकोत्सू, शोयू (सोया सॉस), मिसो, शिओ ही नावं वाचून वाटतं की मिसो म्हणजे सोयाबीनचं, शिओ म्हणजे नुसतं मिठाचं. पण मिसो-शिओ हे चवीचं नाव, रस्सा बहुतेक वेळा कोंबडीचा किंवा डुकराचाच, आणि त्यात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचा कीस, नाहीतर निबोशी, म्हणजे उकडून सुकवलेले बारीक मासे. भाज्या परततात त्याही पुष्कळदा चरबीवर. सूप सकाळीच तयार झालेलं असतं. तुम्ही रात्री आठला जाऊन त्यातून काही वेगळं काढता येत नाही. म्हणून पदार्थ बदलून मागण्यापेक्षा दुकान बदला.

बायकोसाठी पहिलं दुकान टोकियो स्टेशनच्या आतलं टीज तानतान. सगळं वनस्पतीजन्य, तिळाचं झणझणीत तानतानमेन मिळतं. ते तिकिटाच्या फाटकाच्या आत आहे, तेव्हा गाडी बदलताना जा. याशिवाय आता काही दुकानं मेनूत एखादं व्हीगन वाडगं ठेवतात, पण शाखेनुसार फरक असतो, आधी बघून जा. तुमच्यासाठी ‘तोरी पाइतान’, कोंबडीचा पांढरा रस्सा. वर चाशू डुकराचा असू शकतो, म्हणून विचारायचं: ‘बुता हाइत्ते इमासु का?’ डुक्कर आहे का? ‘हाय’, म्हणजे हो, आलं तर नमस्कार करून बाहेर. कोणी वाईट मानत नाही. मात्र हे तिकीट काढायच्या आधी विचारायचं.

तिकीट, कारण बहुतेक छोट्या दुकानांत दारातच मशीन असतं. आधी पैसे, मग बटण. कळत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण म्हणजे साधारणपणे त्या दुकानाचा खास पदार्थ. पण तुम्ही दोघांनी असं डोळे मिटून दाबू नका, फोनचा कॅमेरा लावून भाषांतर वाचा. साधं वाडगं हजार येनच्या आसपास, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. दहा हजारांची नोट पुष्कळ मशीन घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या तेव्हा तर जुन्या मशीनसमोर हातात कोरी नोट घेऊन उभं राहायची पाळी आली होती, अजूनही एखाद्या दुकानात येते. सुटे जवळ ठेवा. (नव्या हजाराच्या नोटेवर कितासातो शिबासाबुरो आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधायला गेलेला डॉक्टर. दोन वर्षांनी प्लेग मुंबईत आला आणि १८९७ मध्ये पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. वाडग्याचे पैसे भरताना मला ते दर वेळी आठवतं.)

आत आठ-दहा खुर्च्या, सगळ्या काउंटरला. पिशवी पायाशी टोपलीत. पाणी स्वतः ओतून घ्यायचं, फुकट. तिकीट काउंटरवर ठेवलं की काही ठिकाणी नूडल्स कडक हव्यात की मऊ ते विचारतात. ‘फुत्सू’ म्हणा, नेहमीसारख्या. नूडल्सचा पिवळेपणा आणि लवचीकपणा कानसुई नावाच्या क्षारामुळे येतो. आपल्या पापडखाराचाच तो भाऊबंद. आणि भुरके मारा, मोठ्याने. आजीने कढीच्या वेळी केलेले सगळे संस्कार इथे विसरायचे. गप्पा मात्र नकोत, बाहेर रांग असते, पंधरा-वीस मिनिटांत उठायचं. टिप नाही. निघताना ‘गोचिसोसामा’ (जेवणाबद्दल आभार) म्हटलं की आतून उत्तर येतं.

म्हणजे दोघांनी शेजारी बसून रोज संध्याकाळी जेवायची ही जागा नव्हे. महिन्यातून दोनदा ठीक. एरवी घरी करा, तेच मी करते. कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि सुके शिइताके (मशरूम) रात्रभर पाण्यात भिजवायचे, तेच पाणी मंद तापवून गाळायचं, त्यात मिसो आणि तिळाचं कूट. सुपरमार्केटात ताज्या नूडल्सची पाकिटं मिळतात. सोबतची सूपची पुडी फेकून द्यायची आणि घटकांत ‘तामागो’, म्हणजे अंडं, नाही ना ते पाहायचं. तीळ इथेही मिळतात, पण मी कूट साताऱ्याहूनच आणते. त्यात थोडी लसूण चटणी पडली की तानतानमेनची आठवणही राहत नाही.