ठिपक्यांवर विसंबू नका

प्रश्न : सप्टेंबरात उजनीच्या काठावर ग्रीन सँडपायपर आणि वुड सँडपायपर हे दोन्ही तुतवार (चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी) दिसतात. पाठीवर बारीक ठिपके असले की मी ग्रीन लिहितो, ठळक असले की वुड. जाणकार मात्र माझ्या निम्म्या नोंदी खोडतात. चुकतं कुठे?

उत्तर : ठिपक्यांवरच. पिसांच्या फिकट भागात काळं रंगद्रव्य नसतं, म्हणून तो गडद भागाच्या आधी झिजतो. वीण आटोपून आलेल्या प्रौढ वुडचे ठिपके सप्टेंबरात असे पुसट झालेले असतात आणि तो तुमच्या वहीत ग्रीन होऊन बसतो. पायांचा रंगही चिखल वाळला की फसवतो.

आधी भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ पाहा. वुडची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते. ग्रीनची डोळ्यापाशीच संपते, पुढे उरतं ते डोळ्याभोवतीचं पांढरं कडं. मग छाती. ग्रीनची गडद छाती पांढऱ्या पोटापाशी एकदम थांबते, वुडच्या रेघोट्या हळूहळू विरतात.

तरी शंका राहिली तर पक्षी आपणहून उडेपर्यंत थांबा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला चरू द्यायला हवं, नावासाठी त्याला उठवू नये. उडताना शेपटीच्या वरचा पांढरा भाग दोघांनाही असतो, त्यावर वेळ घालवू नका. पंखांची खालची बाजू पाहा : ग्रीनची काळपट, वुडची फिकट. ही खूण सर्वांत भरवशाची. वुडची बोटं शेपटीबाहेर स्पष्ट दिसतात, ग्रीनची जेमतेम. वुड ‘चिफ-चिफ-चिफ’ करतो, ग्रीनची शीळ खणखणीत, ‘ट्लुईट-वीट-वीट’. फोटोसाठी शटर 1/2000 सेकंद ठेवा आणि एक्स्पोजर थोडं उतरवा. नाहीतर कडक उन्हात फोटोतला पांढरा भाग जळून नुसता पांढराफटक दिसतो.

प्रश्न : शेपटी सतत खालीवर हलवणारा तो कॉमन सँडपायपरच ना?

उत्तर : बहुतेकदा, पण ग्रीन आणि वुडही शेपूट हलवतात, फक्त कमी. कॉमनच्या छातीची बाजू आणि मिटलेला पंख यांच्यामध्ये पोटाचा पांढरा रंग पाचरीसारखा वर घुसलेला असतो. बसलेल्या पक्ष्यात तेवढं पुरतं. उडाला तर शेपटीच्या वरचा भाग तपकिरी, पंखावर लांब पांढरी पट्टी, आणि पाण्यालगत ताठ पंखांची थरथरती उडाण.