ठेव म्हणाला होता, घाल नव्हे

(पत्राचा सारांश : आठ वर्षं सोबत बाइक चालवणारा मित्र सात महिन्यांपूर्वी अपघातात गेला. पत्रलेखक पुढे होते. वळणानंतर आरशात मागचा हेडलाइट दिसेना म्हणून परत फिरले, तोवर सगळं संपलं होतं. ग्रुपने पहिल्या स्मृतिदिनी राइड ठरवलीय आणि सगळ्यांत पुढे यांनीच राहावं असा आग्रह आहे. हो म्हणू का, असं ते विचारतात.)

तुमच्या चार पानांत मी एकाच ओळीवर अडकले. 'त्याच्या भावाने, तुझ्याकडे ठेव, म्हणून हेल्मेट दिलं. हल्ली तेच घालतो, एका बाजूला जरा खरचटलंय इतकंच.' म्हणजे त्या दिवशी त्याच्या डोक्यावर होतं ते?

उतरवा ते. आजच.

कवचाखाली थर्माकोलसारखा जाड थर असतो ना, डोकं आपटल्यावर तो दबतो आणि दबता दबता धक्का खातो. एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. कवच मात्र बऱ्याचदा जागेवर येतं आणि आतला थर पॅडखाली झाकलेला, त्यामुळे सगळं ठीकठाक दिसतं. मार छातीला होता, असं तुम्ही लिहिता. पण खरचटलंय म्हणजे हेल्मेट रस्त्याला लागलं होतं. किती जोरात, ते नुसतं बघून कळत नाही. त्यात 'ब्रेक मारला की डोळ्यांवर येतं' हेही तुमचंच वाक्य. ग्रुपमधल्या नवख्या पोराला असलं हेल्मेट घालू दिलं असतंत?

मग स्वतः का घालता? आठवण म्हणून, हे मला पटत नाही. तो गेला, आपलंही काय व्हायचं ते होवो, असा हिशेब त्यात दिसतो. पुढच्याने आरशावर लक्ष ठेवायचं, मागचा दिसेना तर वेग कमी करून परत फिरायचं. तुम्ही तेच केलंत. तेच हेल्मेट रस्त्यावरून उचलायची वेळ त्या भावावर दुसऱ्यांदा आणू नका.

आणि पॅडला अजून त्याचा वास येतो म्हणता. अहो, रोज तुमचाच घाम मुरतोय त्यात! अस्तर धुऊ नका. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, ओल धरून बुरशी येते. पेट्रोलच्या वासापासूनही लांब. खटला किंवा विम्याचा दावा चालू असेल, तर भावाला आधी विचारा, तो पुरावा असू शकतो. तोवर त्याला हात लावू नका. ते सगळं मिटलं की भावाच्या संमतीने हनुवटीचा पट्टा कापून टाका, म्हणजे पुन्हा कुणी घालणार नाही.

राइडचं नंतर बघू. आधी टेप घ्या आणि भुवयांच्या बोटभर वरून, मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजा. दुकानात घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, हेल्मेट हलवलं की कपाळाची कातडी सोबत हलली पाहिजे. पट्टा आवळून मागची कड धरा आणि वर, पुढे ओढा. निघून आलं, तर एक नंबर लहान मागा.