वाचक विचारतात : ज्याओझ फुटला तर काय म्हणायचं?

प्रश्न : माझी मुलगी तियानजिनला शिकते. चिनी वर्षाच्या शेवटच्या रात्री तिला मैत्रिणीच्या घरी जेवायला बोलावलंय. ती शाकाहारी आहे. तिथे तिला काय खाता येईल आणि कोणत्या रीती सांभाळाव्या लागतील?

उत्तर : तियानजिनचं नाव वाचून फार बरं वाटलं. त्या शहरात मी नऊ वर्षं भाषांतराचं काम केलं, आणि नेमकी तिथलीच एक रीत तुमच्या मुलीच्या कामी येणार आहे. उत्तर चीनमध्ये त्या रात्री ज्याओझ होतातच. पातळ पारीत सारण भरून पाण्यात उकळलेल्या त्या छोट्या करंज्याच म्हणा. बहुतेक घरी सारण डुकराच्या मांसाचं आणि चिनी कोबीचं असतं. तियानजिनकर मात्र नव्या वर्षाची सुरुवात शाकाहारी ज्याओझने करतात. ‘सू’ म्हणजे शाकाहारी, आणि साधं, नितळ असंही. वर्ष कटकटीविना जावं ही त्यामागची इच्छा. सारणात मुगाचे लांब मोड, सुका टोफू, काळी अळंबी, भरपूर कोथिंबीर, तिळाचं वाटण आणि आंबवलेला लाल टोफू. या शेवटच्या जिनसाचा वास पहिल्यांदा उग्र वाटेल, पण सारणाची चव त्याच्यावरच उभी असते. तरी मुलीने दोन दिवस आधीच सांगून ठेवावं, अंडं चालतं की नाही तेही. ऐनवेळी सांगितलं तर घरच्या बाईला हळहळ वाटते.

मला ज्याओझ शेजारच्या आजींनी शिकवले. डाव्या हाताने पारी गोल फिरवायची, उजव्या हातातलं बोटभर जाडीचं लाटणं फक्त कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं. कड पातळ, पोट जाड. उकळताना पाणी वर आलं की वाटीभर गार पाणी ओतायचं, असं तीनदा. माझा एक ज्याओझ पातेल्यातच उघडला आणि मी सहज ‘फुटला’ म्हणून गेले. स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. आजी हलकेच म्हणाल्या, ‘झंग’. या शब्दात आतून जोर लावून उघडणं आहे आणि कमाई करणंही आहे. सणाच्या दिवशी फुटलं, मोडलं, संपलं असे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नसतात. मुलीला एवढा एक शब्द जरूर शिकवा. त्या घरची आजी तिला जवळ घेईल, याची मला खात्री आहे.

ताटातल्या बऱ्याच गोष्टी अशा कानाने कळतात. मासा येईल. मासा म्हणजे ‘यू’, आणि शिल्लक म्हणजेही ‘यू’. म्हणून तो संपवत नाहीत, थोडा उद्यासाठी ठेवतात. ज्याओझसोबत हिरवागार लसूण दिसेल. बाराव्या चांद्रमासाच्या अष्टमीला तो व्हिनेगरमध्ये बुडवून गारठ्यात ठेवलेला असतो, रंग घातलेला नसतो. जाताना फळं न्यावीत, पण नासपती नको. तिचं नाव ‘ली’, आणि ताटातुटीच्या शब्दाचा उच्चारही तोच.

प्रश्न : मूनकेकमध्ये, म्हणजे शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला खातात त्या सारण भरलेल्या गोल केकमध्ये, चिठ्ठ्या लपवून मंगोल राजवटीविरुद्ध उठाव केला, हे खरं का?

उत्तर : गोष्ट चीनमध्ये घरोघरी सांगतात, पण त्या काळच्या नोंदींत तिला आधार सापडत नाही. मला आठव्या महिन्याच्या पौर्णिमेची दुसरीच एक रीत जास्त मोलाची वाटते. काही घरांत एक मोठा मूनकेक घरातल्या माणसांच्या संख्येइतका सारखा कापतात. परगावी असलेल्यालाही मोजतात. त्याचा तुकडा बशीत राहतो.

प्रश्न : झोंगझ, म्हणजे पानात बांधून उकळलेले चिकट भाताचे पुडे, घरी करून पाहिले. पान सुटलं आणि भात मधोमध कच्चा राहिला. काय चुकलं?

उत्तर : बहुधा तीन गोष्टी. साधा तांदूळ चालत नाही, चिकट तांदूळच हवा आणि तो रात्रभर भिजायला हवा. सुकी पानंही भिजवून, मग उकळून मऊ करायची. शिवाय तांदूळ ठासून भरला असेल. तो फुगतो, जागा नसली की पान ताणून बाहेर येतो आणि पाणी मध्यापर्यंत शिरत नाही. दोन पानं एकावर एक ठेवून सुळक्यासारखा कोन करा, तळाला फट राहू देऊ नका. दोरा मात्र घट्ट. पातेल्यात झोंगझ पूर्ण बुडतील एवढं पाणी ठेवून मंद आचेवर निदान दोन तास उकळा. कमी झालेलं पाणी गरमच घाला. आच बंद केल्यावर तासभर त्याच पाण्यात राहू द्या.

सारणाबद्दल तिथे कडाक्याचे वाद होतात. उत्तरेकडे चिनी बोरं किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण, तर झेजियांगमधल्या ज्याशिंगचं नाव झालं ते डुकराच्या मांसाच्या खारट झोंगझमुळे. पाचव्या महिन्याच्या पंचमीला ते छू युआन या कवी-मंत्र्याच्या नावाने खातात. इसवी सनापूर्वी २७८ च्या सुमारास, राजधानी शत्रूच्या हाती गेल्यावर, त्याने मीलुओ नदीत जीव दिला असं मानतात. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी नदीत भात टाकला, ही झाली दंतकथा. आजी मात्र पहिला झोंगझ सोडताना दर वर्षी ती पुन्हा सांगत, आणि ती संपेपर्यंत कोणी दोऱ्याला हात लावत नसे.