भ्रूण ‘विकसतो’ की ‘घडतो’?

दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे: “गर्भातल्या बाळाबद्दल लिहिताना ‘वाढ’ म्हणावं की ‘विकास’? आमच्या शाळेच्या हस्तलिखितात एका सहकाऱ्यांनी ‘भ्रूणाची उत्क्रांती’ असं लिहिलंय, ते चालेल का? आणि ‘तो भ्रूण’ की ‘ते भ्रूण’?”

‘उत्क्रांती’ चालणार नाही. हल्ली कशाचीही उत्क्रांती होते. मोबाइलची होते, वडापावची होते, मालिकांमधल्या सासूची होते. आता पोटातल्या बाळाचीही व्हायला लागली. उत्क्रांती पिढ्यान्‌पिढ्या चालणारी गोष्ट आहे, नऊ महिन्यांत कुणा एकाची होत नाही. शिवाय संस्कृतात ‘उत्क्रांति’ म्हणजे प्राणाचं शरीर सोडून जाणं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातलं ‘उत्क्रामन्तं स्थितं वापि’ आठवा. मरणसमयी दान द्यायच्या गाईला ‘उत्क्रांतिधेनू’ म्हणतात. तेव्हा न जन्मलेल्या जिवाच्या उत्क्रांतीबद्दल लिहिताना सहकाऱ्यांनी जरा जपून.

‘वाढ’ लगेच निकालात काढता येते. बेडकाचं फलित अंडं दोनाचं चार, चाराचं आठ असं फुटत जातं, शेकडो पेशी होतात, पण गोळा होता तेवढाच राहतो. माणसातही पहिले चार-पाच दिवस हेच चालतं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तो ठिपका आपल्या वेष्टणाच्या आत फक्त विभागत असतो. वाढ नंतरची. हिंदी पाठ्यपुस्तकांतला ‘परिवर्धन’ याच कारणाने मला पटत नाही. त्यात ‘वृध्’ म्हणजे वाढणंच आहे, पुढे ‘परि’ लावून काही बिघडलेलं सुधारत नाही.

राहिला ‘विकास’. सगळे तोच वापरतात, सरकारही आणि डॉक्टरही. माझं भांडण आहे ते याच्याशी.

‘विकस्’ म्हणजे उमलणं. अमरकोशात ‘विकसित’ भेटतो तो उमललेल्या फुलाच्या शब्दांत, प्रफुल्ल, विकच, स्फुट यांच्या पंगतीत. कळी उमलते तेव्हा पाकळ्या नव्याने तयार होत नाहीत. त्या आत मिटलेल्या असतातच, फक्त उघडतात. म्हणजे ‘भ्रूणाचा विकास’ म्हणणाऱ्याने नकळत कबूल केलं की हात, पाय, नाक, डोळे सगळं आत आधीच बारीक रूपात होतं, ते उलगडलं एवढंच. बरं, यात मराठी एकटी नाही. इंग्रजी ‘डेव्हलपमेंट’ फ्रेंचमधून आला, तिथे त्याचा अर्थ वेष्टण काढणं. जर्मन ‘एंटविकलुंग’ म्हणजे गुंडाळलेलं सोडवणं. लॅटिन ‘इव्होल्यूशिओ’ म्हणजे गुंडाळी केलेली पोथी उलगडणं, आणि अठराव्या शतकात स्विस शरीरशास्त्रज्ञ अल्ब्रेख्त फॉन हालरसारखे मोठमोठे लोक ‘इव्होल्यूशन’ हा शब्द भ्रूणासाठीच वापरत होते. प्राण्यांच्या वंशाशी त्याची गाठ पुढे पडली. डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत तो शब्द वापरलेलाच नाही, फक्त शेवटचा शब्द म्हणून त्याचं क्रियापद येतं. म्हणजे बाईंच्या सहकाऱ्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये लिहिलं असतं तर ते बरोबर ठरले असते.

हालरचं म्हणणं असं: कोंबडीच्या अंड्यात पिल्लू आधीपासून आहे, पारदर्शक आणि मऊ असल्यामुळे दिसत नाही. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो का? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या अध्यायात वाद रंगलाय की गर्भात आधी कुठला अवयव होतो. शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय हातपाय, सुभूती गौतम धड. मग सुश्रुताचे गुरू धन्वंतरी सगळ्यांना गप्प करतात. सगळे अवयव एकदमच होतात, सूक्ष्म असल्यामुळे कळत नाहीत, बांबूच्या कोंबासारखे आणि आंब्याच्या फळासारखे. पिकल्या आंब्यात रेषा, गर, कोय वेगवेगळ्या दिसतात, कोवळ्या फळात त्या असतातच पण दिसत नाहीत.

‘सुश्रुताला सगळं भ्रूणशास्त्र ठाऊक होतं’ हा संदेश ज्यांना दर आठवड्याला पुढे पाठवायचा असतो, त्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. शल्यकर्मात सुश्रुताचा हात कुणी धरणार नाही, पण इथे धन्वंतरींचं चुकलं, आणि चुकलं ते आंब्यापाशीच. लोणच्याची कैरी निवडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ती म्हणते, “अजून कोय धरली नाही.” कोय आहे पण दिसत नाही, असं ती म्हणत नाही. कोय धरते, आधी नसते, मग होते. त्या एका क्रियापदात धन्वंतरी आणि हालर दोघांनाही उत्तर आहे.

जुन्यांमध्ये दुसरा पक्षही होता, हे इथे सांगायलाच हवं. गर्भोपनिषदात एका रात्रीत ‘कलल’, सात रात्रींत ‘बुद्बुद’, पंधरवड्यात ‘पिंड’ अशी पायरीपायरीची हकिगत आहे. बौद्धांच्या पाली संयुत्तनिकायात कलल, अब्बुद, पेसि, घन आणि मग ‘पसाखा’, म्हणजे प्रशाखा, हातापायांच्या फांद्या. दिवसांचा हिशेब आजच्या मापाने जुळत नाही, पण विचार बघा. आधी एक, त्यातून दुसरं, आधी नव्हतं ते नंतर. युरोपात हे ठासून सांगितलं ते जर्मन अभ्यासक कास्पार फ्रीड्रिख वोल्फने, १७५९मध्ये, आणि हालरला ते पटलं नाही. वोल्फने पुढे कोंबडीच्या पिल्लाचं आतडं कसं होतं ते दाखवलं: सुरुवातीला नळी नसतेच, सपाट पापुद्रा असतो, तो दुमडतो आणि त्याची नळी होते.

आता माझ्या आवडत्या शब्दाकडे येतो. घडणे.

मूळ धातू ‘घट्’. त्यातूनच घटना, घटक, संघटना, विघटन. मराठी ‘घडणे’ची गंमत अशी की “काय घडलं?” आणि “पाटली छान घडली” या दोन्ही ठिकाणी तोच शब्द. एकीकडे प्रसंग, दुसरीकडे आकार. भ्रूणात हे दोन्ही एकच असतं. बोट हा तिथे अवयव होण्याआधी एक प्रसंग असतो. सहाव्या आठवड्यात माणसाच्या भ्रूणाचा हात वल्ह्यासारखा चपटा असतो. मग बोटांच्या मधल्या पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीला बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात तो मरणाचा निरोप अडवला जातो, म्हणून पडदा टिकतो. याला उमलणं कसं म्हणायचं? सोनार तासतो, ठोकतो, कापतो, त्याची घडणावळ वेगळी लावतो. इथे तसंच काम आहे, फक्त सोनार नाही.

आणि घडी! वोल्फच्या आतड्यासारखाच मज्जारज्जूही घडी पडून होतो. कोंबडीचं अंडं उबवायला ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी कवचाला खिडकी पाडून पाहिलं, तर पाठीच्या बाजूला दोन वळ्या उठलेल्या दिसतात. त्या एकमेकींकडे झुकतात, चिकटतात, खाली बंद नळी तयार. तिच्या दोन्ही बाजूंना मणके आणि स्नायू ज्यांच्यापासून होणार ते ठोकळे जोडीजोडीने पडत जातात, दर नव्वद मिनिटांना एक जोडी. १९९७मध्ये दिसलं की तिथल्या पेशींमध्ये एक जनुक त्याच नव्वद मिनिटांच्या ठेक्यात चालू-बंद होतं. शास्त्रज्ञ त्याला घड्याळच म्हणतात. घड्याळ आलं घटिकेवरून, वेळेची घडीही तिथूनच. कपड्याची घडी, वेळेची घडी आणि घडण एकाच घरातल्या आहेत, हा माझा लाडका तर्क. एक संस्कृतज्ञ स्नेही यावर नाक मुरडतात, ‘घटिका घटावरून आली, तुझ्या घडीशी संबंध काय’ म्हणतात. म्हणोत. कोशात नातं लागो न लागो, कोंबडीच्या अंड्यात ते लागलेलं आहे.

‘शब्दाच्या मुळाशी कशाला जाता, रूढ अर्थ बघा’ असंही कुणी म्हणेलच. एरवी मीही हेच म्हणतो. पण इथे मुळातलं चित्र आजही नुकसान करतं. विकास म्हटलं की मुलं विचारतात, आराखडा कुठे आहे? मग त्यांना सांगतात, डीएनएमध्ये. पण त्यात बोटाचं चित्र कुठेही काढलेलं नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स ड्रीशने १८९१मध्ये सागरी साळूच्या (सी अर्चिनच्या) दोन पेशींच्या भ्रूणाला हलवून हलवून पेशी वेगळ्या केल्या. अर्धी-अर्धी नव्हे, दोन्हींतून पुरी अळी झाली, आकाराने लहान. कळी मधोमध फाडून दोन फुलं मिळतात का?

नक्षीचं तर आणखीच. इंग्रज गणिती ॲलन ट्युरिंगने १९५२मध्ये गणिताने दाखवलं की एक रसायन स्वतःला चेतवणारं आणि दुसरं त्याला दाबणारं, पण जास्त वेगाने पसरणारं असेल, तर एकसारख्या पृष्ठभागावर आपोआप ठिपके किंवा पट्टे पडू शकतात. १९९५मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका सागरी एंजेलमाशावर पाहिलं: मासा वाढतो तसे पट्टे ताणले जात नाहीत, अंतर तेवढंच राहतं आणि मध्ये नवे पट्टे येतात. ते कुठल्याही कळीत मिटलेले नव्हते. अशा नक्षीसाठी मराठीत ‘उमटणे’ आहे. पट्टे उमटतात, ठिपके उमटतात. आकार घडतो, नक्षी उमटते. दोन क्रियापदांत अख्खा विषय बसतो, आणि आपण ‘आकृतिबंध-विकास’ असलं काहीतरी लिहीत बसतो.

तेव्हा बाई, ‘भ्रूणाची घडण’ लिहा. परीक्षेच्या पेपरात मात्र ‘विकास’च लिहायला सांगा, उगाच मुलांचे गुण जायचे.

भ्रूण संस्कृतात पुल्लिंगी, मराठीतही तो भ्रूण. ‘ते भ्रूण’ एकाहून जास्त असतील तर.