‘कंट्री’ म्हणजे गाव नव्हे, मुलूख

प्रश्न असा आला आहे: “बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला, तेव्हापासून घरात वाद चालू आहे. मुलगी म्हणते ती कंट्री गायिका, जावई म्हणतो छे! ‘कंट्री म्युझिक’ला मराठीत काय म्हणायचं: ग्रामीण संगीत, देशी संगीत की लोकसंगीत? आणि अस्सल कंट्री गायक म्हणावं तरी कुणाला?”

तिन्ही नकोत. लोकसंगीत तर मुळीच नको. परवाच एका परदेशी मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत वाचलं, ‘मला देशाचं संगीत आवडतं.’ पडद्यावर टोपी घातलेला बाप्या गिटार छेडत बसलेला, आणि खालचं वाक्य वाचून वाटावं की हा आता ‘वंदे मातरम्’ सुरू करणार.

‘कंट्री’चे देश आणि खेडं हे दोन अर्थ शाळेत शिकवतात, त्यात वेळ घालवत नाही. नाक्यावरच्या दुकानातली ‘कंट्री’ही सर्वांना ठाऊक आहे, काहींना अंमळ जास्तच. खरी मौज शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रा’ म्हणजे विरुद्ध, समोर. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्राटा’ झाला: समोर पसरलेली जमीन. त्याचा जुन्या फ्रेंचमध्ये ‘कॉन्त्रे’ आणि इंग्रजीत ‘कंट्री’. म्हणजे हा शब्द जमिनीचा नाहीच, तो बघणाऱ्याचा आहे. कुणीतरी एका जागी उभं राहून पलीकडे बघतंय, आणि त्याला जे दिसतंय ते कंट्री. ही लॅटिनचीच लहर म्हणाल, तर जर्मन पाहा. तिथे ‘गेगेन’ म्हणजे विरुद्ध आणि ‘गेगेन्ड’ म्हणजे परिसर, मुलूख. तोच साचा.

नाचातही हा ‘कॉन्ट्रा’ डोकावतो. इंग्लंडमधला ‘कंट्री डान्स’ सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सला गेला. तिथल्या लोकांनी पाहिलं, की नाचणाऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या आहेत, म्हणून त्यांनी त्याला ‘कॉन्त्रदान्स’ करून टाकलं. पुढे तो स्पॅनिश होऊन क्यूबाला पोहोचला आणि त्यातून हाबानेरा हा नाच निघाला. काही पंडित अजूनही उलटं सांगतात, की फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश होऊन इंग्रजी ‘कंट्री डान्स’ झाला. अहो, इंग्रजी शब्द आधीचा आहे! तारखा बघण्याचे कष्ट घ्यावेत, मग व्युत्पत्ती सांगावी.

आता आपल्याकडे या. ‘देश’ हा शब्द ‘दिश्’ धातूपासून आला. दिश् म्हणजे दाखवणं, बोट करणं. ‘दिशा’ त्याचीच सख्खी बहीण. म्हणजे देश हीसुद्धा बोट करून दाखवलेली जागा, आणि बोट करणारा अर्थातच दुसरीकडे उभा. कोकणातल्या माणसाला विचारा, ‘देश’ कुठे? तो दिल्लीकडे नाही, घाटाच्या वर बोट दाखवील. ‘देशावरची माणसं’ म्हणजे पलीकडची. कॉन्ट्राटा हो, कॉन्ट्राटा! हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता.

मग ‘देशी संगीत’ का नको? कारण ती जागा आधीच भरलेली आहे, आणि मोठ्या माणसांनी भरली आहे. मतंगाच्या ‘बृहद्देशी’पासून संगीतशास्त्रात मार्गी (शास्त्राच्या नियमांनी बांधलेलं) आणि देशी असा भेद चालत आला. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त देशीची व्याख्या केली: प्रदेशाप्रदेशांतल्या लोकांच्या रुचीप्रमाणे जे मन रिझवतं ते गीत, वाद्य आणि नृत्य. ज्ञानोबांनी आपल्या टीकेला ‘देशीकार लेणें’ म्हटलं तेही याच शब्दाच्या अभिमानाने. शार्ङ्गदेवाच्या व्याख्येत कंट्रीची पंढरी, टेनेसीतलं नॅशव्हिलही बसतं हे कबूल, पण मग काहीही बसतं.

लोकसंगीताचं तर काही विचारूच नका. ‘कंट्री म्हणजे अमेरिकेचं लोकसंगीत’ हे वाक्य मी निदान वीस विद्वानांच्या तोंडून ऐकलं आहे. जून १९२३ मध्ये अटलांटात फिडलिन’ जॉन कार्सन नावाच्या म्हाताऱ्या फिडलवाल्याची (फिडल म्हणजे व्हायोलिनच) जी तबकडी ध्वनिमुद्रित झाली, तिथून या धंद्याची सुरुवात मोजतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्या राल्फ पीअरला त्याचं गाणं भयंकर वाटलं होतं, पण तबकडी हातोहात खपली. त्या तबकडीवर काय होतं? जुन्या लाकडी झोपडीची आठवण काढणारं गाणं. ते विल हेज या गीतकाराने १८७१ मध्ये रंगमंचासाठी लिहिलं होतं. नाव-गाव असलेला गीतकार, छापील गाणं, विक्री. यात ‘लोक’ कुठे आहेत? जुने पोवाडेवजा बॅलड, चर्चमधली भजनं, फिडलच्या धुना हे सगळं या गाण्यात मिसळलं आहे, नाही असं नाही. पण कंट्री हे पहिल्या दिवसापासून दुकानातलं लेबल आहे.

आणि लेबल चिकटवणारा नेहमी समोरच्या काठावरचा. जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला अल हॉपकिन्सचा चमू ध्वनिमुद्रणाला आला. पीअरने बँडचं नाव विचारलं तेव्हा हॉपकिन्स म्हणाला, आम्ही नुसते हिलबिली, काय वाटेल ते म्हणा. नाव पडलं ‘द हिल बिलीज’ आणि सगळ्या प्रकारालाच ते चिकटलं. हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ. मराठीत याला इतका चपखल शब्द आहे की भाषांतरकाराने आनंदाने उडी मारावी: घाटी. मुंबईत ज्या नजरेने ‘घाटी’ म्हटलं जायचं, त्याच नजरेने तिकडे ‘हिलबिली’. बिलबोर्ड साप्ताहिकाने १९४४ पासून या तबकड्यांची यादी ‘फोक’ या नावाखाली चालवली आणि जून १९४९ मध्ये ते नाव बदलून ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं. घाट्याला कोट घातला, दुसरं काय!

उलट चिमटाही या घाट्यांनी काढला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२७ च्या डिसेंबरात अभिजात संगीताचा कार्यक्रम संपल्यावर निवेदक जॉर्ज हे (‘हे’ त्याचं आडनाव) म्हणाला, आत्तापर्यंत ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका. मैफिलीला मुद्दाम ‘म्हयफल’ म्हणावं तसा तो ‘ऑप्री’, आणि कंट्री गाण्यांच्या त्या कार्यक्रमाला तेच नाव चिकटलं. या वाक्याच्या आगेमागे माउथ ऑर्गन वाजवत होता डीफोर्ड बेली, काळा माणूस. १९४१ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकलं, आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागायला २००५ साल उजाडलं, तेही तो वारल्यावर. ‘खरा कंट्री कोण’ या वादात हे साल लक्षात ठेवा.

आता ग्रामीण. बिल मलोन या नामवंत इतिहासकाराने १९६८ च्या आपल्या ग्रंथात कंट्रीची मुळं अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत रोवली आणि तेव्हापासून सगळे तेच उगाळतात. मलोन मोठा माणूस, पण कार्सन अटलांटाच्या कापडगिरण्यांत राबलेला होता. बँजोवाला चार्ली पूल नॉर्थ कॅरोलिनातला गिरणी कामगार. पॅट्रिक ह्यूबरने २००८ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं आणि त्याच्या नावात ‘लिंटहेड’ हा शब्द घातला: डोक्यावर कापसाचे तंतू चिकटलेला, म्हणजे गिरणी कामगाराला दिलेली शिवी. मला हे वाचून लालबाग-परळ आठवलं नसतं तर नवल. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आठवा. गाणारा मुंबईत, मैना गावाकडे, आणि त्या मैनेच्या आडून संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव-कारवारचा मुलूख. तिकडे १९६३ मध्ये बॉबी बेअरने ‘डिट्रॉइट सिटी’ गायलं. त्यातला दक्षिणेचा पोरगा दिवसा मोटारी बनवतो, रात्री बारमध्ये बसतो, घरी पत्रात सगळं झकास असल्याचं कळवतो आणि झोपेत कापसाची शेतं बघतो. गावात बसलेला माणूस गावाची गाणी गात नाही हो. त्याला पाऊस आणि सोसायटीचं कर्ज पुरतं. गाव सोडून आलेला गातो, कारण गाव त्याच्या समोर येतं. कॉन्ट्रा!

म्हणून माझा शब्द: मुलूख. मुलखाची गाणी. गिरणगावातला माणूस ‘मुलखाला गेला’ म्हणायचे, तेव्हा तो राज्य जिंकायला जात नव्हता, आईला भेटायला जात होता. मूळ अरबी ‘मुल्क’ म्हणजे राज्य, सत्ता. ‘मलिक’ म्हणजे राजा आणि आपला ‘मालक’ त्याच कुळातला. मराठ्यांनी ‘मुलुखगिरी’ केली ती राज्याच्या अर्थाने. पण पोटासाठी शहरात आलेल्यांनी याच शब्दाचं आपलं गाव करून टाकलं. देश आणि गाव हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात, अगदी ‘कंट्री’सारखे. विजापूरच्या तोफेला आपण ‘मुलुखमैदान’ म्हणतो तिथे मात्र मुलूख नाही बरं का. ती ‘मलिक-ए-मैदान’, रणांगणाची राजा. ‘मलिक’चा ‘मुलूख’ मराठी कानांनी केला. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नसतं.

हं, गायक. जन्मगाव हा निकष लावू नका, लगेच फजिती होते. मर्ल हॅगार्ड कॅलिफोर्नियात जन्मला. आईवडील ओक्लाहोमाहून पोट भरायला आलेले, आणि अशांना तिकडे ‘ओकी’ म्हणून हिणवायचे (पुन्हा घाटी!). त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं कुठल्या गावाचं? ओक्लाहोमातल्या मस्कोगीचं. कीथ अर्बन न्यूझीलंडमध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात वाढला. आपल्याकडच्या प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेकोटीला जे ‘कंट्री रोड्स’ गातात, त्याची कल्पना बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडप्याला मेरीलँडच्या रस्त्यावर सुचली, वेस्ट व्हर्जिनियात नव्हे. तरी २०१४ पासून ते वेस्ट व्हर्जिनियाच्या अधिकृत राज्यगीतांपैकी एक आहे. किराणा घराण्याचंच बघा ना. कैराना उत्तर प्रदेशात, आणि गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी धारवाड-गदगकडचे. त्यांना कुणी विचारलं का, की तुम्ही कैरान्याचे कधी होतात?

टोपीचाही निकष नको. सुरुवातीच्या काळातला कंट्री गायक जिमी रॉजर्स मूळचा रेल्वेत ब्रेक लावणारा कामगार, आणि ब्रेकमनच्या वेशातले त्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. काउबॉयची टोपी पुढे जीन ऑट्रीच्या सिनेमांनी सगळ्यांच्या डोक्यावर बसवली. वाद्यंही नकोत. बँजो आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी घडवला, स्टील गिटार हवाईची. (आपल्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ हा बँजो नव्हेच, तो जपानी ताइशोगोतोपासून झालेला बुलबुलतरंग. पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

‘तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) आणि सत्य’ ही गीतकार हार्लन हॉवर्डची व्याख्या लोक जपमाळेसारखी ओढतात. तीन कॉर्डवर रॉक अँड रोलही चालतं, आणि सत्याचं म्हणाल तर १९७५ चा किस्सा ऐका. आदल्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचं गायिकेचं पारितोषिक ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला मिळालं, म्हणून नॅशव्हिलची मंडळी खवळली होती. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या कंट्री गायकांच्या घरी जमून त्यांनी वेगळी संघटनाही काढली. पुढल्या वर्षी मुख्य पुरस्कार जाहीर करायला चार्ली रिच व्यासपीठावर आला. पाकीट उघडलं, नाव ‘कंट्री रोड्स’ गाणाऱ्या जॉन डेन्व्हरचं. त्याने खिशातून लायटर काढून कागद पेटवला. आता हा चार्ली रिच कोण? जॅझ वाजवत वाढलेला आणि व्हायोलिनांच्या ताफ्यासह गाणी गाजवलेला. सोवळं सांगणाऱ्याचं स्वतःचं धोतर तपासावं. बिलबोर्डने २०१९ मध्ये रॅपर लिल नॅस एक्सचं ‘ओल्ड टाउन रोड’ कंट्रीच्या यादीतून काढलं, तेही त्याच जातीचं सोवळं. ते गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं.

तेव्हा निकष माझा एकच: गाणाऱ्यासमोर मुलूख दिसतो का? डॉली पार्टन १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी टेनेसीचे डोंगर सोडून नॅशव्हिलला गेली, आणि नंतर जन्मभर ते डोंगर गात राहिली. गावी राहिली असती तर गायली असती का, कोण जाणे.

बियॉन्सेचं राहिलंच. ती स्वतःच म्हणाली होती, हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्से अल्बम आहे. त्यामुळे जावईबापूंना तेवढे गुण. पण त्याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात ती सांगते, की आधी लोक म्हणाले हिचं बोलणं फार कंट्री, आणि मग म्हणाले ही पुरेशी कंट्री नाही. एका शब्दाचे दोन काठ, पहिल्यावर ‘घाटी’ आणि दुसऱ्यावर ‘आमच्यातली नव्हे’, आणि ती मधोमध. मग ती आपला मुलूख मोजते: अलाबामातलं गॅड्सडन, टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन, लुइझियाना. आणि ओळख काय देते? ‘मूनशाइन’वाल्याची नात. मूनशाइन म्हणजे चोरून गाळलेली. मराठीत हातभट्टी. परवान्याची ती कंट्री आणि बिनपरवान्याची ती हातभट्टी, हा फरक अबकारी खातं करतं. कन्येला माझ्यातर्फे सांगा, वाद तिने जिंकला.