मुलीला उपग्रहातून समुद्राचा अभ्यास करायचाय. डिप्लोमा की एम.एस्सी.?

प्रश्न: माझी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. उपग्रहांच्या मदतीने समुद्र आणि किनाऱ्यांवर लक्ष ठेवण्याचं काम करायचं, असं तिने पक्कं केलंय. एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांचा जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचा, डिप्लोमा सुचवलाय, तो झाला की लगेच नोकरी, असं ते म्हणतात. ती मात्र एम.एस्सी.वर ठाम आहे. या क्षेत्राला इंजिनिअरिंग लागत नाही का? शिवाय तिला बोट लागते. मग हे काम तिला झेपेल का? – एक पालक

उत्तर: नमस्कार. इंजिनिअरिंगचा प्रश्न आधी निकालात काढू. उपग्रह बांधणं हे एक काम आणि त्याने पाठवलेल्या मोजमापांवरून समुद्रात काय चाललंय ते ओळखणं हे वेगळं काम. पहिल्यासाठी इंजिनिअर लागतात. दुसऱ्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि बऱ्यापैकी प्रोग्रामिंग लागतं. म्हणजे तुमची मुलगी चुकीच्या दारात उभी नाही, उलट तिचा विषय इथे चांगलाच उपयोगी पडणार आहे.

डिप्लोमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. त्यात मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवतात, आणि नेमकं तेच घरबसल्या शिकता येतं. नकाशे करण्याचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. उपग्रहचित्रं हाताळणारं युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप आणि नासाचं सीडॅसही मोफत आहे. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं 2008 पासून कुणालाही फुकट मिळतात, युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांचीही मिळतात. कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे हुशार मुलगी काही आठवड्यांत शिकते. पण समोरचं चित्र आपल्याला कधी फसवतंय हे कळायला वेळ लागतो, आणि पगार त्याचाच मिळतो.

एक उदाहरण देतो. समजा, एका विद्यार्थ्याने एकाच समुद्रकिनाऱ्याची सेंटिनेल-2 उपग्रहाची दोन चित्रं घेतली, मध्ये पाच वर्षांचं अंतर. पाणी जवळच्या अवरक्त प्रकाशाला जवळजवळ गिळून टाकतं, म्हणून त्या बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या त्या पट्ट्यात, पाणी काळं आणि वाळू उजळ दिसते. हिरवा आणि अवरक्त बँड वापरून त्याने पाण्याची कड आखली. दहा मीटरचा पिक्सेल (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर), त्यामुळे रेषाही छान आली. दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या तर किनारा शंभर मीटर समुद्राकडे सरकलेला! त्याने अहवालात लिहून टाकलं, 'वाळूचा भराव वाढतो आहे'. आता त्या किनाऱ्याचा उतार पन्नासास एक आहे, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली, असं धरा. पहिलं चित्र भरतीचं, दुसरं ओहोटीचं, आणि दोन्ही वेळच्या पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक. दोन गुणिले पन्नास म्हणजे शंभर मीटर. किनारा होता तिथेच आहे, हललं ते पाणी. सॉफ्टवेअरने एकही चूक केलेली नाही, तरी निष्कर्ष साफ चुकला. भरतीचं कोष्टक उघडणं, एका चित्रावर न विसंबता वर्षभरातली अनेक चित्रं घेऊन त्यांची सरासरी काढणं, ही सवय ज्याला आहे तो कामाचा माणूस. क्लासवाल्यांना एवढंच विचारा: चित्र टिपलं तेव्हा भरती होती की ओहोटी, हे तुम्ही मुलांना बघायला शिकवता का? त्यांच्या उत्तरावरून काय ते कळेल.

समुद्राच्या रंगाचं प्रकरण याहून अवघड आहे, आणि माझ्या मते याहून रंजकही. समुद्रावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोहोचतो त्यातला साधारण नव्वद टक्के हवेतूनच विखुरून आलेला असतो. पाण्याच्या आतून बाहेर आलेला हिस्सा उरलेल्या थोडक्यात शोधायचा. तो वेगळा काढला की निळ्या आणि हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून हरितद्रव्य किती, म्हणजे पर्यायाने सूक्ष्म वनस्पतिप्लवक किती, याचा अंदाज येतो. खुल्या समुद्रात ही रीत चांगली चालते. नदीच्या मुखाशी मात्र गाळ असतो, कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळून आलेली पिवळसर-तपकिरी द्रव्यं असतात, आणि ही द्रव्यंही हरितद्रव्यासारखाच निळा प्रकाश शोषतात. मग हरितद्रव्य खूप दाखवणारा नकाशा लालभडक होतो आणि नवखा माणूस 'शैवाल माजलंय' असं जाहीर करून मोकळा होतो. प्रकाशाचं शोषण आणि विकिरण (विखुरणं) हे तुमच्या मुलीने पुस्तकात शिकलेले धडे इथे कामाला येतात. नुसतं नकाशे रंगवणं शिकलेल्याला ही शंकाच येत नाही.

रडारचंही तसंच. तेलाचा तवंग पाण्यावरच्या बारीक लहरी दाबतो, म्हणून रडारच्या चित्रात तिथे काळा डाग दिसतो. पण वारा पडला तरी पाणी तसंच गुळगुळीत होतं आणि तसाच डाग दिसतो.

आता एम.एस्सी. कशात? नुसत्या जिओइन्फर्मेटिक्सपेक्षा (नकाशे आणि भौगोलिक माहिती संगणकावर हाताळण्याचं शास्त्र) समुद्रविज्ञान घेऊन त्यात रिमोट सेन्सिंगचा, म्हणजे उपग्रहातून दुरून केलेल्या मोजमापांचा, प्रबंध करावा, या बाजूचा मी आहे. तंत्र दर काही वर्षांनी बदलतं. 1978 मध्ये निम्बस-7 वर समुद्राचा रंग टिपणारं पहिलं उपकरण गेलं, तेव्हा मोजके बँड होते. 2024 मध्ये सोडलेला नासाचा 'पेस' उपग्रह रंगपट जवळजवळ सलग टिपतो. समुद्राची उंची मोजणारे उपग्रह 1992 च्या टोपेक्स-पोसायडनपासून थेट खालची एक अरुंद रेघ मोजत आले, 2022 चा 'स्वॉट' रुंद पट्टाच मोजतो. उद्या आणखी काही येईल. पाण्याचं गणित मात्र तेच राहणार. भारताच्या ओशनसॅट मालिकेची सुरुवातही 1999 ची आहे, म्हणजे हा विषय इथे काल-परवा उगवलेला नाही.

प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन, निदान फोन करून, विचारा: विद्यार्थ्यांना पाण्यावर नेऊन मोजमाप करायला लावतात का? आणि प्रबंधात 'मॅचअप' करून घेतात का? मॅचअप म्हणजे उपग्रह वरून गेला त्याच्या आगेमागे काही तासांत, त्याच जागी प्रत्यक्ष घेतलेलं मोजमाप आणि उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवून पाहणं. हे ज्याने एकदा केलंय त्याचा आकड्यांवरचा भाबडा विश्वास कायमचा उडतो. अशा विभागाचं नाव फार मोठं नसलं तरी मी तो निवडेन.

यातूनच तुमच्या बोट लागण्याच्या चिंतेचं उत्तर मिळतं. काम बहुतांश संगणकावरच असतं. समुद्रावर जावं लागतं, पण रोज नाही, आणि बोट लागणारे कितीतरी संशोधक गोळी घेऊन जातातच. मात्र 'उपग्रह आहे, म्हणजे पाण्याशी संबंधच नको' असा हिशोब तिच्या मनात असेल तर तो आत्ताच सोडायला सांगा. सुरुवात धक्क्यावरूनही होते. सेकी तबकडी म्हणजे दोरीला बांधलेली एक पांढरी तबकडी. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. 1865 पासूनची ही पद्धत आहे. एका मिनिटात पाण्याच्या स्वच्छतेचा आकडा हातात येतो, आणि तो त्याच दिवशीच्या उपग्रहचित्राशी ताडून बघता येतो.

नोकरीबद्दल मात्र गोड गोड बोलणार नाही. 'सागरी रिमोट सेन्सिंग' अशा नावाच्या जागा थोड्या निघतात. पदाचं नाव जीआयएस अॅनालिस्ट असतं, डेटा सायंटिस्ट असतं, संशोधन संस्थेत प्रकल्प सहायक असतं, आणि प्रकल्पाची पदं मुदतीच्या करारावर असतात. पहिली काही वर्षं ही धाकधूक राहते. कामं मात्र खरी आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना मच्छीमारांना देते. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान पाहणाऱ्या सरकारी संस्थेची यंत्रणा पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा किती वर आणि किती आठवडे राहिलं याचा हिशोब ठेवते. एक अंश जास्त तापमान एक आठवडा टिकलं की तो एक अंश-आठवडा. हा हिशोब चार अंश-आठवड्यांवर गेला की प्रवाळ पांढरे पडण्याची, आठवर गेला की ते मरण्याचीही भीती. बंदरं, किनाऱ्याची धूप, कांदळवनं यांची कामं करणाऱ्या सल्लागार कंपन्या वेगळ्याच. नोकरीत शिरल्यावर तिचं पायथन जितकं पक्कं, तितके तिच्यासमोर पर्याय जास्त. समुद्राबाहेरचेही.

तोपर्यंतचे महिने फुकट घालवू नयेत. डेहराडूनची आयआयआरएस ही रिमोट सेन्सिंगची संस्था आणि नासाचा आर्सेट हा प्रशिक्षण उपक्रम मोफत ऑनलाइन कोर्स चालवतात, त्यांतला एखादा तिने करावा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नेटसीडीएफ फाइल (उपग्रहाची मोजमापं ज्या स्वरूपात मिळतात ती) उघडून त्यातून स्वतः नकाशा काढायला शिकावं. मग एकच खाडी किंवा एकच किनारा निवडून भरतीची दुरुस्ती करून त्याच्या बदलाचा छोटा अभ्यास करावा, कोड आणि चित्रं गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावीत. काय जमलं नाही, कुठली चित्रं ढगांमुळे टाकून द्यावी लागली, तेही तिथे लिहावं. एम.एस्सी.च्या अर्जात त्याचा दुवा द्यायला विसरू नये; निवड करणाऱ्यांत मी असतो तर गुणपत्रिकेआधी तोच उघडला असता.